घरातला माणूस

कर्टिसने नशेत घर पेटवलं आणि त्याच आगीत तो गेला. त्याची आई वर्ना आता वेस्ट व्हर्जिनियाच्या थंडीत शेजाऱ्यांच्या गाडीत झोपत होती.

विमा कंपनीचा ग्रेडी गावातलाच. तो हळूच म्हणाला, "काकू, राज्याचा नियम आहे, आज मला निकाल लेखी द्यावाच लागेल. घरातल्याच माणसाने आग लावली असेल तर काहीच मिळत नाही. कर्टिस इथे राहत नव्हता, एवढंच म्हणा. बाकी मी बघतो."

वर्ना राखेकडे बघत राहिली.

"सगळ्या गावाने त्याला दारं लावली, ग्रेडी. तूसुद्धा," ती म्हणाली. "आता मीही लावू? लिही, तो इथेच राहायचा. माझ्याजवळ."