हिरवा स्वेटर

पुतणीने पिशवीतून जाडजूड शब्दकोश काढून टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं.

"एवढा भार उचलून आलीस?" बाइंडर म्हणाला.

"निमित्त नको का, काका? एकतीस वर्षांनी हात हलवत कशी येणार?"

तो हसला, आणि आपण हसलो याचंच त्याला अवघडल्यासारखं झालं. त्याने घर सोडलं तेव्हा ही सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. आता कपाळावर एक पांढरी बट होती.

खोली लहान. भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, खिडकीत सरसाचं भांडं, दोरीवर वाळणारं पुस्तकबांधणीचं कापड. एकुलती एक खुर्ची त्याने तिला दिली आणि स्वतः स्टुलावर टेकला.

"आजीचा निरोप आहे," ती म्हणाली. "पंच्याऐंशी पूर्ण झाली तिला. घरी बोलावलंय तुम्हाला. पण एक अट आहे."

"बोल."

"साखळीचं एकदा खरं सांगायचं. घेतली की नाही. रागावणार नाही म्हणाली. फक्त, जाताना मनात खुटखूट नको."

बाइंडरने हात पुसले. स्वच्छच होते, तरी पुसले.

त्यांच्या घरात पुस्तकं बांधण्याचाच धंदा. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, पुठ्ठा आणि पाठ बघायचे. आई पानांचे जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवायची. शिवताना गळ्यातली साखळी दोऱ्यात अडकते, म्हणून आधी ती काढून कपाटाच्या खणात ठेवायची. रोजचा नेम होता तो. एका संध्याकाळी खण उघडला, तर आत साखळी नव्हती. बाहेरचं कुणी घरात आलेलं नव्हतं.

तीन दिवस तो 'मी नाही' म्हणत राहिला. तीन दिवस आप्पा समोर बसून म्हणत राहिले, "आठव. नीट आठव." चौथ्या दिवशी त्याने सामान बांधलं. पुढे आप्पा वारले, तेव्हाही तो गेला नाही.

"तेव्हा मी खोटं नव्हतो बोलत गं," तो हळूच म्हणाला. "तेव्हा मला आठवतच नव्हतं. इथे आल्यावर, रोज तेच तेच मनात घोळवताना, एकेक करून आठवत गेलं. मन मोठं चोर असतं. आपलीच चोरी आपल्यापासून लपवतं."

"म्हणजे..."

"मीच घेतली. खणाची कडी गार होती. साखळी मुठीत धरली, तर एवढीशी झाली. पुलापलीकडच्या सराफाला विकली. त्याच्या चष्म्याची काडी मोडलेली, दोरा बांधलेला. अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झालं आणि त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

पुतणी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "मी पाहिलं होतं ना तुम्हाला. आप्पांनी विचारलं, 'काका खणापाशी होता ना?' मी 'हो' म्हटलं, तर त्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. मग तुम्ही गेलात. पुढे कितीदा वाटलं, मी चुकीचं तर पाहिलं नसेल? पोरीच्या एका 'हो'वर एक माणूस घराबाहेर!"

"छे गं, चिमणे. दात पडले होते, डोळे शाबूत होते तुझे."

ती रडता रडता हसली. "तुमचा तो हिरवा स्वेटर अजून दिसतो मला."

आपण त्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यात होतो, असं बाइंडरला इतकी वर्षं आठवत होतं. पण ती म्हणाली, आणि खणात शिरणारी हिरवी बाही त्याला लख्ख दिसली. कोपरावर उसवलेलीसुद्धा.

"हो, हिरवाच," तो म्हणाला.

दोघांच्याही छातीवरचा दगड उतरला. तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि एकदम घरच्या बाईच्या आवाजात म्हणाली, "रविवारी यायचं. जेवायलाच. आजी दोन शब्द ऐकवेल, ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे. जीभ अजून दाभणासारखी आहे तिची."

"मग प्रकृती उत्तम म्हणायची!" तो म्हणाला. मग शब्दकोशाकडे वळला. "हा खरंच दुरुस्तीला आहे, की नुसतं निमित्त?"

"खरंच. माझी लेक यावर उभी राहून फळीवरचा डबा काढत होती. पुठ्ठा निखळला. आप्पांच्या हातचा, म्हणून आम्ही इतकी वर्षं कपाटावरून हलवला नव्हता."

बाइंडरने तो जवळ ओढला. पाठीवरून अंगठा फिरवला. शेवटच्या पानावर आप्पांची चिठ्ठी होती, बांधणीची तारीख घातलेली. ती तारीख विसरण्यातली नव्हती. साखळी गेली त्याच दिवशीची होती.

"त्या दिवशी हाच बांधत होते तर," तो पुटपुटला. मग कौतुकाने म्हणाला, "सरस बघ, एकदाच लागलाय. आप्पांनंतर या पाठीला कुणी सुरी लावलेली नाही. माझ्या हाताने लावू ना?"

"लावा की. तुमच्याशिवाय कोण लावणार?"

त्याने पाठीचं कापड वरपासून खालपर्यंत अलगद चिरलं. आतल्या पोकळीतली धूळ झाडायला शब्दकोश उभा धरला आणि टेबलावर दोनदा आपटला. धूळ पडली. वाळलेल्या सरसाचे तुकडे पडले. आणि त्यांच्यामागून, शिवणीच्या तुटक्या दोऱ्यात गुंतलेली आईची साखळी घसरत आली आणि टेबलावर एवढीशी होऊन पडली.