वाढत्या मापाचे

“एक नंबर मोठे बूट द्या. पुढे कापूस भरला की बसतात,” सासूबाईंनी सेल्समनला सांगून टाकलं. कापूस त्यांनी घरूनच आणला होता.

“मोठे नकोत,” सून म्हणाली.

दुकानातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी कान टवकारले. नात बाकावर पाय लोंबकळत सोडून बसली होती. ओठावर अजून खपली होती. पोर नुकती कुठे चालायला लागली होती, तेवढ्यात आजीने तिला कापूस कोंबलेले मोठे बूट घातले. दारातच अडखळून ती तोंडावर आपटली. तेव्हापासून कुणी उभं केलं की मटकन खाली बसायची. त्या घरात स्वेटर असो की गणवेश, सगळं वाढत्या मापाचं यायचं आणि मापात येईस्तोवर विरून जायचं.

सुनेने एक बूट हातात वाकवून पाहिला. सोल मऊ होता. तिने दोन्ही बूट लेकीच्या पायांत घातले, पुढून दाबून पाहिले. “बोटभर जागा आहे, टाच निसटत नाही. हेच.”

“चार दिवसांत तोकडे होतील! आमचा जन्म गेला मोठ्या चपलांत. आम्ही नाही चाललो?”

“होऊ देत तोकडे. वाढेल तेव्हा वाढेल, आई. तिला आज चालायचंय!”

सासूबाईंना दिलेलं हे सुनेचं पहिलंच उलट उत्तर. सेल्समन उगाचच खोकं पुसू लागला.

तिने लेकीला फरशीवर उभं केलं आणि हात काढून घेतला. पोरगी बसली नाही. पायांकडे बघत राहिली, मग तुरुतुरु थेट आजीकडे निघाली. तिला धरायला सासूबाई लगबगीने पुढे झाल्या आणि त्यांची चप्पल मागेच राहिली.

सून त्या चपलेकडे बघतच राहिली. केवढी मोठी ती! सासूबाई घरभर पाय फरफटत चालायच्या आणि सगळे म्हणायचे, गुडघे गेले.

नातीला कडेवर घेऊन सासूबाई बाकावर बसल्या. कापसाचा बोळा त्यांनी केराच्या डब्यात भिरकावला. मग दुसरीही चप्पल काढली आणि अनवाणी पाय सेल्समनपुढे ठेवला.

“बघताय काय? माप घ्या. आणि मोठे दाखवाल तर खबरदार! माझं वाढून झालंय.”