अजून एक फेरा

कुशाबाने जू सोडायला हात घातला, तेवढ्यात बांधावरून हाक आली, "बाबा, थांबा, थांबा! सोडू नका!"

बांधावर पाच जण उभे होते. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. महाडच्या हौशी छायाचित्रकार मंडळाचे ते सभासद. महिन्यातल्या एका रविवारी असे कुठेतरी फोटो काढायला जायचे, आज जीप करून कापडे गावाला आले होते. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं, खाचरातलं पाणी झळाळत होतं, आणि पाचही जणांना काय टिपू नि काय नको असं झालं होतं.

"स्पर्धेला असा फोटो कुणाचाच येणार नाही," श्रीपत मास्तर म्हणाले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. "बाबा, अजून एक फेरा मारा की. आमच्यासाठी."

कुशाबाने बैलांकडे पाहिलं. चांद्या तरणा होता, त्याचं काही नव्हतं. पवळ्या मात्र चौदा वर्षांचा, घरच्या गाईचा. पहाटेपासून चिखलणीला जुंपलेला. त्याच्या तोंडाला फेस आला होता.

"माझा आन् हिचा मिळून एक काढाल काय?" कुशाबाने शेजारच्या खाचरात रोपं लावणाऱ्या बायकोकडे, सुंदराबाईकडे बोट केलं. "मुंबयला लेकाला पाठवीन म्हन्तो. दोघांचा नाय कधी निघाला."

"एक काय, चार काढू! मोठा करून देऊ, काचेत बसवून!" रावजीशेठ म्हणाले. महाडला त्यांचं औषधांचं दुकान होतं. मंडळातला सगळ्यात महागडा कॅमेरा त्यांचा आणि अध्यक्षपदही त्यांचंच.

सुंदराबाईने मान वळवली, पण मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. कुशाबाने मुंडासं नीट केलं आणि नांगराची मूठ धरली.

पहिल्या फेऱ्याला ढग आडवा आला. दुसऱ्याला ऊन होतं, तर बैल रेंगाळले. "पाणी उडायला पाहिजे, बाबा! पळवा जरा!"

तिसऱ्या फेऱ्याला कुशाबाने पवळ्याचं शेपूट पिरगाळलं. चौदा वर्षांत त्याने ते कधी केलं नव्हतं. बैल उधळल्यासारखे धावले, चिखल कमरेएवढा उडाला. बांधावर कॅमेरे कटाकट वाजले.

"वा! वा, बाबा!"

"मी शटर पाचशेच्या वेगावर ठेवून घेतला. थेंब न् थेंब दिसणार!"

"माझ्यात त्या म्हाताऱ्या बैलाचा डोळा आलाय बघ!"

एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या. कुशाबाही हसला. उभ्या जन्मात त्याच्या कामाला कुणी वा म्हटलं नव्हतं.

"अवो, सोडा त्याला आता," सुंदराबाई कंबर सरळ करून ओरडली. "जीभ बगा कशी भायेर आलीय."

"सोडतोच गो."

तेवढ्यात रावजीशेठचा चेहरा पडला. भिंगावरचं झाकण त्यांनी काढलंच नव्हतं. एवढा महागडा कॅमेरा आणि आत नुसता काळोख. बाकीचे चौघे पोट धरून हसले. शेठ हसले नाहीत.

"अजून एकच फेरा, बाबा. आत्ताचा होता ना, अगदी तसाच."

"बैल दमलाय, शेठ."

"अहो, एका फेऱ्याने काय होतंय? आणि तुमचा दोघांचा फोटो राहिलाय अजून. तो काढायचाय ना?"

"फोटू नको आपल्याला," सुंदराबाई म्हणाली.

"गप गो तू," कुशाबा म्हणाला. पाच शिकलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने पुन्हा शेपूट धरलं.

खाचराच्या मध्यावर पवळ्याचे पुढचे पाय दुमडले. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. जू तिरपं झालं. कुशाबाने घाईघाईने दोर सोडला, चांद्या धडपडत बाजूला झाला. पवळ्याचं तोंड पाण्यात बुडलं होतं. कुशाबा चिखलात बसला, दोन्ही हातांनी ते उचलून मांडीवर घेतलं, नाकपुड्यांतला चिखल बोटाने काढला.

"पवळ्या, उठ. उठ रे बाबा."

बैलाचं पोट दोनदा भात्यासारखं हललं. तिसऱ्यांदा हललं नाही. सुंदराबाई धावत आली, हातातली रोपांची जुडी तशीच, आणि चार पावलांवर थबकली. कुशाबाच्या तोंडून आवाज फुटला, तो रडण्याचा होता हे तिला आधी कळलंच नाही. चाळीस वर्षांत तिने तो ऐकला नव्हता.



"अरेरे," बांधावरून श्रीपत मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेकाने आपापला उचलला.

रावजीशेठ तर चपला काढून खाचरात उतरले. पचापचा चिखल तुडवत जवळ आले. कुशाबाला वाटलं, हात द्यायला आले. बैलाची मान धरायला त्यांना जागा व्हावी म्हणून तो रडता रडता थोडा सरकला.

शेठ समोर उकिडवे बसले.

"मान खाली नको, बाबा," ते अगदी हलक्या, मायेच्या आवाजात म्हणाले. "जरा उजेडाकडे."

मांडीवरचं डोकं तसंच धरून कुशाबाने तोंड उजेडाकडे केलं.