पत्र्याची थोरली

सारजाबाईनं पत्र्याच्या बाईचा हात धरून पिरगाळला. हातातलं सूप खाली पडलं. पण वारा होता, म्हणून पाठीमागचं चक्र फिरतच राहिलं आणि बाईचा दुसरा हात वरखाली होत राहिला. "मर मेले," सारजाबाई म्हणाली. मेलेल्या बाईला मर म्हणण्यात काही अर्थ नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती जास्तच चिडली.

तिच्या नवऱ्याला, वैजीनाथला, हा नाद जुनाच. पिंगळीत त्याचा पेरूचा मळा रेल्वेच्या रुळाला लागून होता. पोपट हाकलायला म्हणून त्यानं भिरभिरी करायला घेतली, आणि पोपट राहिले बाजूला, माणसंच जमायला लागली. मोडक्या छत्रीच्या काड्यांचा मोर. फुटक्या कंदिलाचं घुबड. घासलेटच्या डब्याचा एक अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, होता, डोक्याला रुमी टोपी; वारा सुटला की झाडाझाडाला सलाम ठोकायचा. एकदा खरे अमीनसाहेब घोड्यावरून जाताना त्याच्यापुढं थांबले तेव्हा अख्खं गाव दाराआड झालं. पण साहेब पोट धरून हसले आणि पेरू घेऊन गेले.

या खेळाचं सारजाबाईला काही नव्हतं. ती या घरात दुसरेपणावर आली होती. पहिली कस्तुरा तापानं गेलेली. रिवाजाप्रमाणे सारजाबाईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाकही पडला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मेलेल्या बाईची एवढीशी मूर्ती. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. पुरणपोळीचा पहिला घासही तिचाच. एकदा सारजाबाईनं नवऱ्याला सांगून टाकलं, "ही माज्या तोंडाकडं बघत असती. जेवताना बघती, निजताना बघती. मला माज्या घरात एकलं बसताच येत न्हाई."

पुढं दिवाळी झाल्यावर, टाकाची कडी झिजलीय म्हणून त्यानं तो तिच्या गळ्यातून सोडून घेतला आणि परभणीच्या सोनाराकडं टाकलाय म्हणाला. गळा हलका झाला. सारजाबाईला आपल्या हातची भाकरी पहिल्यांदा गोड लागली.

आणि तेवढ्यात ही बया मळ्यात उभी राहिली.

कस्तुराच्या माहेरची पत्र्याची पेटी होती, निळ्या फुलांची. सारजाबाईला ती आपल्या लुगड्यांना हवी होती. वैजीनाथनं तीच कापली आणि तिच्या फुलांचं लुगडं या बाईला नेसवलं. पाठीशी चक्र, हातात सूप. वारा आला की ती वाऱ्याकडं तोंड करायची आणि पाखडायला लागायची. शेजारची कडूबाई बघायला आली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "कस्तुराच की गं! असंच पाखडायची." आगगाडीतली माणसंसुद्धा खिडकीतून हात करायची. सारजाबाईला मात्र त्यानं साधी चिमणीही कधी करून दिली नव्हती.

तिला सगळ्यात लागला तो खिळा. बाई ज्या खांबावर फिरायची त्यात वैजीनाथनं एक खिळा मारला. मग घराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला, डोळे बारीक करून तिच्याकडं बघितलं. परत गेला, खिळा उपसला, बोटभर सरकवून मारला. परत उंबऱ्यात. सगळी सकाळ हेच. चुलीपुढं बसलेल्या सारजाबाईला काय ते कळलं. दारातून ती नीट दिसावी म्हणून हा आटापिटा. तेव्हापासून बाई फिरता फिरता त्या खिळ्याला अडायची, टक् वाजायचं, आणि प्रत्येक टक् सारजाबाईच्या काळजात बसायचं.

म्हणून आज वैजीनाथ विहिरीकडं गेल्यावर ती मळ्यात शिरली. हात पिरगाळून झाला. मग तिनं पत्र्याचा पदर ओरबाडला. पदराखाली तारेनं बांधलेलं काहीतरी चमकलं. तो टाक होता.

तिची किंकाळी ऐकून वैजीनाथ धावत आला.

"सोनाराकडं हाय म्हनलात ना? ह्यो काय हितं?"

"सोनाराकडं गेलाच न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

"म्हंजी माज्या गळ्यातला काढून तिच्याच उरावर बांधला! तिला लुगडं, तिला पदर! जीव जडलाय तर मला कशाला आनली?"

"तूच म्हनली व्हतीस, ती बघत असती म्हनून. फेकून देववंना मला. तिनं माजं काय वाईट केलं? मग म्हनलं, हितं ऱ्हाऊ द्यावी. वारा हाय, गाड्या हायती, हाताला काम हाय. तुजा गळा मोकळा."

सारजाबाई ऐकून घेत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता. तिनं खांबाकडं बोट केलं. "मग ह्यो खिळा? दारातून रोज तिचं तोंड दिसावं म्हनूनच ना?"

"दिसू नये म्हनून," वैजीनाथ म्हणाला. "वारा कसाबी फिरला तरी तिचं तोंड घराकडं वळायचं न्हाई. तुला एकलं बसता यावं."

वारा वाढला. मोडक्या हाताची बाई फिरत फिरत आली, घर दिसायच्या आत टक् करून अडली आणि परत रुळाकडं वळली.

सारजाबाईनं तिच्या अंगावरचा पदर सारखा केला. पिरगाळलेला हात सरळ केला, पडलेलं सूप उचलून त्यात अडकवलं. मग खाली बसून तिनं दगड घेतला आणि खिळ्यावर घाव घालायला लागली. सैल झाल्यावर दोन्ही हातांनी तो उपटून काढला.

"बघू द्या की," ती म्हणाली. "तिचंबी घर हाय."