दर रविवारचं तळं

रुचिर नोकरीसाठी कॅनडाला जाताना म्हणाला होता, "बाबा, तुंगार्लीच्या तळ्याचे फोटो पाठवत जा हं." तेव्हापासून दर रविवारी बाळकाका लोणावळ्यातल्या घरून चालत तळ्यावर जायचे आणि काठाचा फोटो काढून मुलाला पाठवायचे. श्रावणात तुडुंब भरलेलं पाणी, थंडीत पाण्याला टेकलेलं धुकं, उन्हाळ्यात उघडी पडलेली भेगाळ माती. रुचिरकडून दर वेळी मोबाईलवर एक अंगठा यायचा. कामात असतो बिचारा, म्हणून काकांनीही कधी जास्त काही विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात काका त्या काठावरच घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. रविवार चुकायला नको, म्हणून त्यांनी हॉस्पिटलमधून गेल्या पावसाळ्यातलाच एक फोटो पाठवला. भर मे महिन्यातल्या त्या भरलेल्या तळ्यालाही अंगठा आला. काकांना वाईटसुद्धा वाटलं नाही.

"अहो, उद्या ऑपरेशन आहे. आता तरी कळवा त्याला," नीरजाकाकू म्हणाल्या.

फोन लावून हे सगळं सांगायचं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी वजन लावून ताणून ठेवलेल्या आपल्या पायाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. मिनिटभरात मोबाईल वाजला.

"आलं ना उत्तर? काय म्हणतोय?" काकू लगबगीनं पुढे झाल्या.

काकांनी मोबाईल उशीखाली सरकवला.

 

"आवडला म्हणतोय."