वाटणीचं औषध

‘आज तू माझ्या कॉटवर झोप,’ सिंधूबाई म्हणाली.

राबिया पडद्यामागं दवाखान्याचा हिरवा झगा घालत होती. पाठीमागची नाडी तिला बांधता येईना. बोटांत जोर उरला नव्हता. सिंधूबाईनं ती बांधून दिली आणि तेच पुन्हा म्हणाली, या वेळी हळू.

‘आन् तुम्ही?’

‘मी तुझ्या.’

राबियाला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती भिंतीला टेकली.

दोघी केडगावच्या. राबिया स्टेशनाजवळच्या घरात ब्लाउज शिवायची, सिंधूबाईच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती. इतकी वर्षं एका गावात राहून ओळख नव्हती. ती झाली दौंडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत, एकमेकींच्या हातात एकाच दवाखान्याची पिशवी बघून. दोघींच्या छातीत गाठ, दोघींचे डॉक्टर एकच. डॉक्टरांनी नव्या औषधाची चाचणी चालू केली होती. औषध तसं जुनंच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीच्या बारीक फुग्यांत कोंडलेलं. जुनं औषध रक्तात गेलं की अंगभर जाळत जायचं. हे फुगे गाठीपाशी जाऊन साचतील, तिथंच उघडतील आणि बाकीचं शरीर वाचेल, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. अर्ध्या बायकांना नवं, अर्ध्यांना जुनं. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. त्यानं सिंधूबाईला नवं दिलं, राबियाला जुनं.

राबियाचे केस गेले. मग भुवया गेल्या. तोंड इतकं आलं की कोमट चहासुद्धा झोंबायचा. सिंधूबाईच्या तळहातांची तेवढी सालं निघाली. हाताला फडकं गुंडाळून ती फुलं तोडायला जातच होती. गाडीत राबिया खिडकीला डोकं टेकून बसली की सिंधूबाई आपला डबा पिशवीतून बाहेरच काढायची नाही.

‘आज सिस्टर नवी हाय,’ सिंधूबाई म्हणाली. ‘तिला काय कळतंय, कोण कुठली. डोक्याला रुमाल बांधू दोघी.’

‘तुमची गाठ वाढली तर?’

‘एकदा बदललं म्हणून काय व्हतंय? मी तगडी हाय. तुला आता ते सोसायचं न्हाई.’

राबियानं नको म्हणायला हवं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण काल तिनं ब्लाउज बेतायला घेतला होता आणि कात्री तिच्यानं उचलवली नव्हती. तिनं रुमाल कपाळापर्यंत ओढला आणि जाऊन सिंधूबाईच्या कॉटवर आडवी झाली. सिंधूबाई तिच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली.

सिस्टर आली. तरुण होती, चेहऱ्यानं शांत. हातातल्या पिशवीतलं औषध तांबडं होतं.

‘सिंधूबाई?’

‘व्हय,’ राबिया म्हणाली.

‘तळहात दाखवा. सालं किती निघालीत ते बघायचंय.’

राबियानं मूठ आवळली. सिस्टरनं ती हळूच उघडली. तळहात कोरडा होता, पण कुठं ओरखडासुद्धा नव्हता. सिस्टरनं त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या भुवयांच्या जागेकडे. मग ती पलीकडच्या कॉटकडे वळली.

‘सिंधूबाई, उठा.’

सिंधूबाई उठून बसली. ‘बाई, तिला लावा. माझ्या वाटणीचं हाय, मी कुणालाबी देईन.’

‘औषध म्हणजे भाकरी नव्हे, मावशी. अर्धी मोडून देता येत नाही. तुमचं त्यांना लावलं आणि काही झालं तर?’

‘आन् तिचंच लावून काय व्हतंय, ते बघितलंय का तुम्ही?’

सिस्टर पिशवी हातात धरून नुसती उभी राहिली.

राबियाच उठली. कॉटच्या कडेला धरत, पाय ओढत ती आपल्या जागेकडे आली. ‘सरका, ताई,’ ती म्हणाली.

सिंधूबाई सरकली. सिस्टरनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. थोड्या वेळानं दोघींच्या नळ्यांतून तांबडं औषध उतरू लागलं. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं असतं.

त्यानंतर राबियाला दम लागायला लागला. स्टेशनचा जिना चढताना ती मधेच खाली बसायची. पायांवर सूज आली. डॉक्टरांनी औषध थांबवलं, पण उशीर झाला होता. रमजान ईदच्या आधी ती गेली. सिंधूबाई घरी भेटायला गेली, तेव्हा राबियाचा नवरा शाकीर ओट्यावर बसला होता.

‘गाठ जवळजवळ गेली व्हती, ताई,’ तो म्हणाला. ‘डॉक्टर म्हणले, औषधानं गाठीला बरोबर गाठलं. पण काळीज निकामी झालं.’

पुढच्या तपासणीला सिंधूबाई गाडीत एकटीच बसली. दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत निजवून छातीवर गार मलम लावलं, वर यंत्र फिरवलं. डॉक्टर स्वतः आले होते आणि खुशीत होते.

‘बघा, तुमचं हृदय,’ त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. ‘एवढे डोस होऊनसुद्धा काही धक्का नाही. किती छान चाललंय.’

करड्या उजेडात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. पुन्हा उघडत होतं.

‘बंद करा ते,’ सिंधूबाई म्हणाली.