असं कोणी करत नाही

“बाथरूमला जाताना हा प्लग काढायचा आणि या औषधाच्या पंपाचा खांब बरोबर ढकलत न्यायचा,” नर्स तूवा म्हणाली. “पंप बॅटरीवर चालू राहतो. इथे सगळे तसंच करतात.”

बोर्गहिल्डच्या खुब्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. दुखणं आता डोकं वर काढत होतं, तरी तिने मुलाकडे बोट दाखवलं. “मला काय शिकवतेस? हा पंप ज्या प्रोग्रामवर चालतो ना, तो माझ्या तोर्गेइरनेच लिहिलाय.”

तोर्गेइर हसला नाही. तूवा नळी जोडायला वाकली तसा तो म्हणाला, “थांबा. जोडू नका.”

ट्रोंडहाइम शहरातल्या त्याच्या कंपनीत चाचण्यांचं काम इंगुनकडे होतं. ती पंप पुढ्यात घेऊन बसायची. कधी दोन बटणं एकदम दाबायची, कधी जाड हातमोजे घालून आकडे टाकायची. “तुला प्रोग्राम चालवायचाय की बंद पाडायचाय?” तोर्गेइर तिला चिडवायचा. नव्या माणसांना स्वतःची ओळख करून देताना तो म्हणायचा, “मी लिहिलेलं तपासावं लागत नाही.” सगळे हसायचे. त्याला मात्र ते अगदी खरं वाटायचं.

गेल्या वसंतात इंगुनने विचारलं होतं, “डोस चालू असताना कुणी प्लग काढला तर? मला हे नीट बघू दे. थोडे दिवस दे.”

“असं कोणी करत नाही,” तो म्हणाला होता. वरिष्ठांनी त्याचं ऐकलं. पंप रुग्णालयांत पोचले.

“तुमच्या आईला दुखतंय,” तूवा आता जरा करड्या आवाजात म्हणाली. “कारण तरी सांगा.”

“डोस चालू असताना प्लग काढून हा पंप कधी तपासलेलाच नाही. तिला तोवर हातानेच इंजेक्शन द्या. आणि मला ही नळी एखाद्या भांड्यात सोडू द्या.”

तूवाने डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं. तोर्गेइरने इंगुनला फोन लावून सगळं सांगितलं. ती टोमणा मारेल, असं त्याला वाटत होतं.

“आई कशी आहे?” तिने आधी विचारलं. मग म्हणाली, “एकदा करून भागणार नाही. औषध सुरू झाल्या झाल्या प्लग ओढ. पुन्हा पुन्हा ओढ.”

त्याने ओढला. पंप शांतपणे बॅटरीवर गेला. पुन्हा ओढला. काही झालं नाही. तूवाने घड्याळाकडे पाहिलं. त्यालाही क्षणभर वाटलं, आपलंच बरोबर होतं. पुरे आता.

“थांबलास का?” फोनमधून इंगुन म्हणाली.

त्याने परत प्लग लावला, परत ओढला. पंपाचा पडदा काळा झाला, उजळला. दिलेल्या औषधाचा आकडा शून्यावर आला आणि पंपाने अख्खा डोस पहिल्यापासून भांड्यात सोडायला सुरुवात केली.

तूवा भांड्याकडे बघत राहिली. “पलीकडच्या खोल्यांतही हेच पंप आहेत,” ती हळूच म्हणाली आणि धावत निघाली.

तोर्गेइरने पंप बंद केला. आईचा डोळा लागला होता. त्याने तिचं पांघरूण सारखं केलं आणि आपल्याच कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. पंप कसा चुकतो ते त्याने नीट सांगितलं, आणि जिथे जिथे तो पंप असेल तिथे तो आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगा, म्हणाला. फोनवरची मुलगी नवी होती. तिने त्याचा आवाज ओळखला नाही.

“लिहून घेतलं,” ती म्हणाली. “आपण कोण बोलताय? हुद्दा काय लिहू?”

तोर्गेइरने झोपलेल्या आईकडे पाहिलं.

“पेशंटचा मुलगा, असं लिहा.”